आक्काला घेऊन होर्न ते चुडावा

हॉलंडहून परत आल्यापासून सेलूत लोक मला रस्त्यात थांबवून दोनच प्रश्न विचारतात. तिकडे खाण्याचं काय केलंत? आणि आक्काचं काम झालं का? पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: बटाटे. दुसऱ्याचं उत्तर बाजारात पिशवी हातात धरून, उभ्याउभ्या देण्यासारखं नाही. शिवाय तीनचार जणांना सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक वेळी मी काहीतरी थोडं वाढवून सांगतोय. ती सवय लागण्याआधी जसं घडलं तसं लिहून ठेवलेलं बरं.

मी सेलूला एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की टायर किती दबलंय हे बघून आधी मनात आकडा धरायचा आणि मग काटा बघायचा, हा माझा अनेक वर्षांचा खेळ. परदेश म्हणजे माझ्या दृष्टीने हैदराबाद. पासपोर्ट काढला तो आक्कामुळे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन. तिला चुडाव्याला दिली होती. भाऊजी गेल्यावर ती मुलाकडे, मल्लिकार्जुनकडे, हॉलंडमधल्या होर्न नावाच्या गावी राहायला गेली. मागच्या पावसाळ्यात तिचा फोन आला.

"काशिनाथ, पासपोर्ट काढ. इथं जमीन समुद्राच्या खाली हाय. तू म्हणशील थापा मारायलीये. येऊन मोजून जा."

मी पासपोर्ट काढला, मल्लूने एप्रिलचं तिकीट पाठवलं आणि जानेवारीत आक्का गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात दोन दिवस काढले आणि संपलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसल्या स्थितीत समाधी देतात. जन्मभर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. भाऊजींची समाधी चुडाव्याला त्यांच्याच शेतात, लिंबाच्या झाडाखाली आहे. तिच्या शेजारची जागा आक्काने स्वतः राखून ठेवली होती. तिथे ती हरभऱ्याचा दाणासुद्धा पेरू देत नसे.

मल्लूने तिकडेच दहन केलं. बायकोला दिवस गेलेले, भोवती बर्फ, मदतीला आपलं कोणी नाही, मृतदेह न्यायचा तर कागदांना किती दिवस लागतील ते कोणी सांगेना. मी त्याला बोल लावला नाही. पण आक्काचे दीर वैजनाथप्पा यांचा मला फोन आला.

"जाळली? आमच्या वैनीला जाळली?"

"आप्पा, पोराचा नाइलाज झाला."

"ऐका पाव्हणं. राखंला समाधी न्हाई. तिच्या गळ्यातलं लिंग घेऊन या, मी दादाच्या शेजारी बशीवतो. लिंग नसंल तर राख गोदावरीला सोडा आन् तिकडूनच सेलूला जावा. आमच्या शेतात आनू नका."

मी मल्लूला विचारलं. तो म्हणाला, "मामा, आईची लिंगाची चांदीची डबी तिच्या गळ्यातच होती. तिच्याबरोबरच गेली असणार." असणार. काट्यावर मी या शब्दाला कधी किंमत दिलेली नाही. एप्रिलचं तिकीट होतंच. सुनेला सातवा महिना असल्याने मल्लूला तिला सोडून येता येत नव्हतं. मी निघालो: आक्काला आणायला आणि जमलं तर तिच्या गळ्यातलं लिंग शोधायला.

वाटेत

इथे एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला माझा राग येईल. बहिणीच्या अस्थी आणायला निघालेल्या माणसाने गंभीर चेहऱ्याने बसावं. मी हैदराबादहून सुटलेल्या विमानात खिडकीला नाक लावून बसलो होतो. जमीन सुटली तेव्हा पोटात जो खड्डा पडला तो मला इतका आवडला की शेजारच्या माणसाकडे बघून मी हसलो. तो झोपला होता. आक्काला हे दिसलं असतं तर ती म्हणाली असती, "बघ, सांगत होते." मग मी सरळ ठरवलं की तिने दाखवायचं ठरवलेलं सगळं तिच्या वाटचंही बघायचं.

ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर माझी बॅग अडवली. आत रोज कपाळाला लावायच्या भस्माचे पांढरे गोळे होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पांढरी पूड आणि तीही गोळे बांधलेली! दोन जण जमले, एकाने हातमोजे घातले. माझं इंग्रजी शाळेतलं. मी एक गोळा उचलला, तीन बोटं फिरवली आणि कपाळावर तीन पट्टे ओढले. हातमोजेवाला थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या कपाळाकडे बोट करून "एव्हरी डे?" असं विचारलं. मी म्हटलं, "एव्हरी डे." त्याने पूड कसल्याशा यंत्रात तपासली आणि गोळे पुन्हा त्याच वर्तमानपत्रात, माझ्यापेक्षा नीट बांधून दिले.

होर्न

आक्का थापा मारत नव्हती. होर्नच्या बाजूला मैलोन्‌मैल सपाट हिरवी जमीन आहे आणि ती समुद्राच्या पातळीच्या साडेतीन मीटर खाली आहे. आपल्याकडे विहिरीची खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीत, मोजतात. त्या हिशेबाने ही माणसं दोन परस खोल विहिरीच्या तळाशी घरं बांधून, गाई पाळून, बटाटे पेरून खुशाल राहतात. रस्त्यावर उभं राहिलं की कालव्यातली होडी आपल्या डोक्यावरून जाताना दिसते. मी मल्लूला गाडी थांबवायला लावली आणि बांधावर चढून दोन्हीकडचं पाणी पाहिलं. वारा असा की टोपी उडून खालच्या शेतात गेली आणि एका गाईने ती हुंगली.

"मामा, जाऊ द्या टोपी, नवी घेऊ," मल्लू म्हणाला.

"ती काही खायची नाही. गाय शहाणी दिसतेय," मी म्हटलं आणि उतरून टोपी आणली.

आपल्याकडे पाणी नाही म्हणून माणूस रडतो. इथे पाणी बाहेर काढलं नाही तर माणूस बुडतो. रात्रंदिवस पंप चालू असतात. म्हणजे आपल्या मोटारी पाणी आत आणतात, त्यांच्या बाहेर टाकतात. हा विचार मला इतका गमतीचा वाटला की मी घरी फोन करून बायकोला सांगितला. ती म्हणाली, "इथं बेचाळीस डिग्री हाय. तुमच्या गमती तिथंच ठेवा." होर्नला त्या दिवशी नऊ होतं.

गावच्या बाजारात गेलो. आपल्या आठवडी बाजारासारख्याच ताडपत्र्या, तशाच हाका. पण भाव ओरडणारा माणूस कापून ठेवलेला चीजचा तुकडा सुरीच्या टोकावर पुढे करतो आणि विकत घेतला नाही तरी रागावत नाही. एका गाडीवर लोक कच्ची मासळी शेपटीला धरून, मान मागे टाकून, चिरलेल्या कांद्यासकट तोंडात सोडत होते. मी कांद्याकडे बघितलं. आपल्या लासलगावच्या तोडीचा. मासळीकडे बघितलं नाही. शेजारच्या गाडीवर दोन पातळ पोळ्यांच्या मध्ये गुळाच्या पाकासारखं काहीतरी घालून गरम गरम देत होते. ते मी खाल्लं. मग आक्काच्या वाटचंही खाल्लं.

ट्यूलिपची शेतंही पाहिली. लाल, पिवळे, जांभळे पट्टे, ओळीत एका फुटाचा फरक नाही. मी शेतकऱ्याला विचारायला लावलं की एकरी उतारा किती. मल्लूने विचारलं, त्या माणसाने उत्तर दिलं, मग कळलं की फुलं ते खुडून फेकूनच देतात. त्यांना पाहिजे असतो तो जमिनीखालचा कांदा. सेलूत हे कोणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून लिहून ठेवतो.

दहनगृह

तिथल्या नियमाप्रमाणे राख निदान महिनाभर दहनगृहात राहते, त्याआधी देत नाहीत. मल्लूने ती तिथेच ठेवायला सांगितली होती, मामा येऊन घेतील म्हणून. झाडी, तळं, बदकं. आपल्या स्मशानासारखं काही नाही. काळ्या कोटातला एक माणूस दारात आला, आधी कॉफी दिली, मग आतल्या खोलीत नेलं. टेबलावर राखाडी रंगाचा गोल डबा होता. बघताक्षणी मनात आकडा आला: अडीच किलो, थोडं वर. सवय जात नाही. पाठोपाठ मनात आलं की आक्का अंगाने चांगली होती, बसली की चौरंग भरायचा. मग थोडा वेळ मी तळ्यावरच्या बदकांकडे बघत राहिलो.

त्या माणसाने झाकण उघडलं आणि आतून एक गोल, चपटी, काळपट पडलेली वस्तू काढून ताटलीत ठेवली. रुपयाएवढी गोलाई. जाळात राहिलेली, शाबूत.

लिंग! मी काही विचारलं नाही, थांबलो नाही. ताटलीतून उचललं, डाव्या तळहातावर ठेवलं, दोन्ही डोळ्यांना लावलं आणि मोठ्याने "ओम नमः शिवाय" म्हटलं. मनात वैजनाथप्पांचा चेहरा उभा राहिला. आप्पा, आणलं! अग्नीतून निघालेलं लिंग आणलं!

काळ्या कोटातला माणूस अदबीने थांबला. मग तो मल्लूला हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मल्लूने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, ते लिंग नाही. भाजलेल्या मातीचा खडा आहे. इथे प्रत्येक शवपेटीबरोबर असा एक भट्टीत जातो, म्हणजे एकाची राख दुसऱ्याला जात नाही. मागे बघा."

मागे बघितलं. आकडे कोरलेले होते. हातातल्या कागदावरही तेच आकडे. मी पुन्हा एकदा ताडून पाहिले, कारण ताडून पाहण्याशिवाय त्या क्षणी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आणि लिंग?"

मल्लूने विचारलं. माणसाने नोंद पाहिली आणि मान हलवली. पेटीत चांदीची कसलीही वस्तू नव्हती. दवाखान्यातून आलेल्या कपड्यांच्या पिशवीतही नव्हती. ती पिशवी मल्लूने त्याच दुपारी, तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर उघडली. साडी, स्वेटर, चष्मा, मोजे. मल्लू ती साडी मांडीवर घेऊन बसला. गोदावरीचं पाणी डोळ्यांसमोर येत होतं आणि मी ते बाजूला सारत होतो.

टीनेके

संध्याकाळी शेजारणीने कॉफीला बोलावलं. टीनेके तिचं नाव. सत्तरी ओलांडलेली, सहा फूट उंच, निवृत्त शाळामास्तरीण. आक्काची मैत्रीण. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि मल्लूच्या म्हणण्याप्रमाणे दोघी दिवसभर बोलत असत.

आपल्याकडे पाहुण्यापुढे चिवड्याचं ताट येतं आणि तो नको म्हणेपर्यंत वाढत राहतात. टीनेकेने बिस्किटांचा डबा उघडला, मी एक घेतलं आणि तिने झाकण लावलं. मी मल्लूकडे बघितलं. तो म्हणाला, "मामा, अपमान नाही. इथे एकच असतं." मी ते बिस्किट जपून खाल्लं.

मग माझी नजर खिडकीकडे गेली. खिडकीत एक बशी होती. बशीत चांदीची डबी. डबीला शिवदोरा, आक्काने स्वतः वळलेला, पांढरा. बशीत थोडं पाणी आणि तीन पानांच्या गवताची हिरवीगार काडी.

माझ्या हातातला कप खाली ठेवायला मल्लूने मदत केली.

टीनेके बोलत होती आणि मल्लू मला मराठीत सांगत होता. जानेवारीत आक्काला चक्कर आली तेव्हा रुग्णवाहिकेत टीनेके बरोबर होती. दवाखान्यात तपासणीच्या यंत्रात धातू चालत नाही म्हणून गळ्यातलं काढायला सांगितलं. आक्का काढेना. शेवटी तिने ते स्वतः काढून टीनेकेच्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं: रोज सकाळी पाणी, पान, तळहातावर, आणि पुन्हा बंद. रोज. टीनेकेने हे कित्येकदा खिडकीतून बघितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे ती मुलीच्या गावी गेली आणि परतली तेव्हा आक्काचं दहन झालेलं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मल्लूने तिला विचारलं.

"सांगितलं की. म्हटलं, तुझ्या आईची एक वस्तू माझ्याकडे आहे. तू म्हणालास, राहू दे, तुला आठवण."

मल्लू माझ्याकडे वळला. "मामा, मला वाटलं आईने हिला तांब्या दिला होता, तोच."

"आणि हे गवत?" मी विचारलं.

टीनेकेने मला हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. हिरवळभर ते उगवलेलं होतं. इथे बेल कुठला मिळणार? आक्का पहिल्याच वर्षी हे तिपानी गवत हेरून बसली होती. तीन पानं, एक देठ. माझी बहीण! मी तिथेच हसायला लागलो. आणि टीनेकेही हसली, आणि ती हसताना डोळे पुसत होती म्हणून मीही पुसले.

"एक दिवस चुकला," ती म्हणाली. "मार्चमध्ये मला ताप होता. उठता आलं नाही. ते तुमच्या माणसांना सांगा."

तिने एक मागणं मागितलं: उद्या सकाळी शेवटचं एकदा मी करू का? मी म्हटलं, करा. सकाळी मी गेलो. तिने हात धुतले, डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. हात मोठा, सुरकुतलेला, सरळ धरलेला. पाणी, पान. मग "नमा शिवाया" असं काहीतरी पुटपुटली. आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी ते गळ्यात बांधलं, माझ्या स्वतःच्या लिंगाशेजारी. आमच्या रीतीत हे बसत नाही. पण आक्काचं लिंग बॅगेत टाकून आणणं त्याहून बसत नाही.

चुडावा

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं थोडं आहे. डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. हैदराबादला बाहेर पडल्यावर उष्मा अंगावर आला तेव्हा वाटलं कोणीतरी ओळखीचं भेटलं. नांदेडपर्यंत रात्रीची गाडी आणि सकाळी चुडाव्याची पॅसेंजर.

गाडीत मात्र मी अस्वस्थ होतो. वैजनाथप्पांना फोनवर मी एवढंच सांगितलं होतं की येतोय. लिंग मिळालं होतं, पण दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायची आमच्यात रीत नाही. इथे तर तीन महिने एका परक्या, मासे खाणाऱ्या बाईने ते तळहातावर घेतलेलं. सांगितलं नाही तर कोणाला कळणार नव्हतं. हॉलंडहून चुडाव्याला साक्ष द्यायला कोण येणार? पण माझ्याकडून वजनात खोट होत नाही. आक्काच्या बाबतीत तर मुळीच नाही. सांगितलं आणि आप्पांनी शेताचा रस्ता अडवला, तर मी डबा घेऊन गोदावरीवर जाणार होतो.

स्टेशनवर वैजनाथप्पा एकटे उभे होते. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, हातात काठी. मी डबा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वजन अजमावल्यासारखा थोडा उचलला.

"वैनी लय हलकी झाली की वो."

बाहेर आल्यावर मी बघितलं तर वीसपंचवीस माणसं, टाळ, झेंडूच्या माळा आणि मध्ये फुलांनी मढवलेलं मखर. आत मोठी खुर्ची, पाठीला लोड, पायाला पाट. एका चांगल्या अंगाच्या बाईला मांडी घालून बसता येईल एवढी जागा. आप्पांनी त्या एवढ्या मोठ्या खुर्चीत मधोमध तो छोटा डबा ठेवला आणि मी सेलूहून मागवलेली माहेरची साडी भोवती गुंडाळली. टाळ सुरू झाले.

शेतात पोचलो. लिंबाखाली भाऊजींच्या समाधीशेजारी खड्डा खणून तयार होता. पुरुषभर खोल, चौकोनी, आत बसायला कोनाडा, सगळं पूर्ण मापाचं. माती वाळलेली होती, म्हणजे कालच खणलेला.

मी आप्पांना बाजूला घेतलं. "आप्पा, लिंग आणलं की नाही, विचारलंच नाही तुम्ही."

"इचारायचं काय? आनलं नसतं तर वैनीला पुन्हा हालंडला धाडनार व्हतो का मी?"

"तुम्हीच फोनवर म्हणाला होता."

"तवा राग आला व्हता, म्हनलो. तुमी कामून मनाला लावून घेतलं?"

"आणलंय," मी म्हटलं आणि दोरा गळ्यातून काढला. "पण एक सांगायचंय. स्वामींनाही ऐकू द्या."

समाधी द्यायला आलेले जंगम स्वामी पुढे आले. मी सगळं सांगितलं. टीनेके, बशी, गवत, ताप आलेला तो एक दिवस. मागे कोणीतरी "अरारा, परक्या बाईनं?" म्हटलं. आप्पांनी काठी जमिनीवर आपटली आणि मला विचारलं,

"रोज? पानी घालून?"

"रोज. एक दिवस सोडून."

"त्या दिशी ताप व्हता."

"हो."

आप्पा मागे वळले. "ऐकलं का रे सगळ्यायनी? बेल न्हाई तर गवत शोधलं. आन् आमच्या घरात तिघं जन हायेत, गळ्यात लिंग बांधून हिंडायलेत, दिवाळीच्या दिवाळीला डबी उघडत्यात. नावं घेऊ का?" कोणी नावं घ्यायला सांगितली नाहीत. आप्पा स्वामींकडे वळले. "स्वामी, तुमी सांगा. हे चालतंय का न्हाई?"

स्वामींनी लिंग हातात घेतलं नाही, माझ्या तळहातावरच बघितलं. मग पिशवीतून भस्म काढून त्यांनी माझ्या कपाळाला लावलं आणि डब्याकडे बोट केलं. "हे बी भस्मच हाय," ते म्हणाले. "उतरा खाली."

लिंग तळहातावर ठेवायला तळहात नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी खड्ड्यात उतरलो. त्यांनी वरून डबा दिला, मी तो कोनाड्यात बसवला, साडी नीट केली, भस्म आणि बेल घातला आणि लिंग सगळ्याच्या वर ठेवलं. कोनाडा एवढा मोठा आणि आक्का त्याच्या एका कोपऱ्यात. मग वर यायला गेलो तर येता येईना. माती भुसभुशीत, पाय घसरत होता. दोनदा मी चढलो आणि दोनदा खाली आलो.

"पाव्हणं, तुमाला न्हाई बशीवायचं," वरून आप्पा ओरडले. "वैनीला बशीवायचंय!"

सगळे हसले, टाळवालेसुद्धा. दोघांनी बाहेर ओढून काढलं तेव्हा माझं धोतर मातीने काळं झालं होतं आणि मीही हसत होतो.

बायकांनी गाणं म्हटलं. स्वामींनी मंत्र म्हणत पहिली मूठ घातली, मग मी, मग सगळ्यांनी. माती खड्ड्याच्या काठाशी आली तेव्हा सगळे मागे सरले, फक्त वैजनाथप्पा राहिले. ते भाऊजींच्या समाधीपाशी गेले, काठी टेकून हळूच खाली बसले आणि दगडावर हात ठेवून, गप्पा मारतात तसं म्हणाले,

"दादा, जरा सरकून बसा. वैनी आल्या."